बरणीवरची तारीख आणि बरणीचं वय

या वेळची बहुतेक पत्रं जुन्या काचेच्या बरण्यांबद्दल आहेत. फळं आणि भाज्या उकळून, हवाबंद करून वर्षभर टिकवायच्या, यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घराघरांत शिरलेल्या या बरण्या. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

प्रश्न: माझ्याकडच्या बरणीवर उठावाच्या अक्षरांत ‘मेसन्स पेटंट, नोव्हेंबर ३०, १८५८’ असं आहे. विकणाऱ्याने ती १८५८ सालची म्हणूनच दिली. खरंच इतकी जुनी असेल का?

नसण्याचीच शक्यता फार मोठी. ती तारीख बरणी बनल्याची नाही, पेटंट मिळाल्याची आहे. न्यूयॉर्कमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्या जॉन लँडिस मेसन याला त्या दिवशी २२,१८६ क्रमांकाचं पेटंट मिळालं. आटे असलेल्या बाटल्या त्याआधीही होत्या. मेसनने केलं ते एवढंच, की आटे खांद्यापर्यंत न नेता वरच हळूहळू विरून जाऊ दिले. त्यामुळे झाकण फिरवलं की ते मध्येच न अडकता खाली जातं आणि खांद्यावर ठेवलेल्या रबराच्या कडीवर सगळीकडून सारखं दाबून बसतं. हवाबंद बरणी स्वस्तात करायची युक्ती ती हीच.

या पेटंटची मुदत १८७९ मध्ये संपली. त्यानंतर कुठल्याही कारखान्याला तशी बरणी करायला मोकळीक मिळाली. ‘मेसन’ हे नाव गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेलं, त्यामुळे अनेकांनी तेच शब्द, तीच तारीख आपापल्या साच्यांत कोरून घेतली. विसावं शतक उजाडल्यावरही या तारखेच्या बरण्या निघतच होत्या. म्हणजे १८५८ हा आकडा एकच गोष्ट सांगतो: बरणी त्याआधीची नाही. त्यानंतरची किती, हे अक्षरांना विचारून उपयोग नाही.

त्यातल्या त्यात मदत करतात त्या सोबतच्या खुणा. सी, एफ, जे ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसली तर ती कन्सॉलिडेटेड फ्रूट जार कंपनीची, मेसनचे हक्क ज्यांच्याकडे गेले त्यांची. रुंद हातांचा क्रूस फिलाडेल्फियाच्या हीरो कंपनीचा. बुडावर ‘२६ नोव्हेंबर ६७’ अशी दुसरी तारीख असेल, तर बरणी १८६७ नंतरची. एका बरणीवर दोन-तीन तारखा असल्या तर त्यातली सगळ्यात अलीकडची धरायची, हा साधा नियम. आणि मग बरणी उलटसुलट करून काठ आणि बूड बघायचं. फिकट निळसर-हिरव्या काचेची, घासलेल्या काठाची एक क्वार्टची (साधारण लिटरभराची) ‘१८५८’ बरणी सहसा १८७० ते १९१० या काळातली निघते. अशा बरण्या पुष्कळ आहेत आणि त्यात दुःख वाटून घेण्यासारखं काही नाही.

प्रश्न: साच्याच्या जोडाची रेषा काठापर्यंत गेली असेल तर बरणी यंत्रावरची, काठाच्या आधीच थांबली असेल तर हाताने केलेली, असं वाचलं होतं. माझ्या बरणीची रेषा पार वरपर्यंत जाते, पण काठ खरखरीत आहे. मग ती कोणती?

हाताने फुंकलेली. तुम्ही वाचलेला नियम बाटल्यांचा आहे आणि बरण्यांना लावला की माणूस हमखास फसतो.

दोन्हींतला फरक बनवण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या बाटलीचं अंग साच्यात फुंकत, पण तोंड मागाहून, वेगळी काच लावून किंवा तिथलीच काच तापवून हत्याराने घडवत. त्यामुळे जोडरेषा मानेवरच पुसली जाते. आट्यांच्या बरणीला हे चालत नाही. आटे मापात हवेत, म्हणून ते साच्यातच उठवावे लागतात. कारागीर साच्याच्या तोंडाबाहेरही काच फुगवायचा. गार झाल्यावर आट्यांच्या वरचा तो फुगा तोडून टाकायचा आणि उरलेली धार फिरत्या चाकावर घासून सपाट करायची. म्हणून रेषा थेट घासलेल्या कडेपर्यंत जाते आणि तिथे एकदम संपते.

काठ तपासायचा तो असा. झाकण आणि रबर काढा. बोटाचं टोक काठावरून हलकेच फिरवा, दाबू नका, टवक्याची धार चिरते. घासलेला काठ बारीक सँडपेपरसारखा लागतो, दिसायला धुरकट पांढरा, वरून अगदी सपाट. दोन्ही कडांना बारीक बारीक टवके असतातच. ते घासतानाच उडालेले असतात, त्यांना दोष धरत नाहीत. पण टवका आट्यांपर्यंत उतरला असेल किंवा बाहेरच्या बाजूने नखाएवढा दिसत असेल तर तो दोषच.

यंत्रावरच्या बरणीचा काठ गुळगुळीत आणि गोलसर असतो, आगीत वितळून निवल्यासारखा. त्यावर किंवा त्याच्या लगेच खाली एक आडवी, काठाला समांतर गोल रेषा सापडते. ती काठाच्या वेगळ्या साच्याच्या जोडाची. उभी रेषा आणि ही गोल रेषा दोन्ही असतील तर शंका नको.

बरण्यांसाठी यंत्रं १८९०च्या दशकात आली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हातकाम मागे पडलं. या मधल्या काळात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी निघत होते, त्यामुळे घासलेला काठ म्हणजे १९०० पूर्वीचाच, असं ठामपणे म्हणू नका. १९१५ नंतरचा मात्र तो क्वचितच.

प्रश्न: बुडावर रुपयाएवढं वर्तुळ आहे. दुसऱ्या एका बरणीच्या बुडावर वेडीवाकडी, पिसासारखी कड असलेली गोल खूण आहे. काच तडकली आहे का?

नाही. दोन्ही यंत्रांच्या सह्या आहेत. नीटस, लहान वर्तुळ, साधारण अर्धा ते एक इंच व्यासाचं, दाबून-फुंकून काम करणाऱ्या यंत्राचं. आधी दट्ट्याने दाबून काठ आणि कच्चा आकार करायचा आणि मग तो दुसऱ्या साच्यात नेऊन फुंकायचा. कच्चा आकार पहिल्या साच्यातून वर ढकलणाऱ्या खिट्टीचा ठसा म्हणजे ते वर्तुळ. रुंद तोंडाच्या बरण्यांवर आणि दुधाच्या बाटल्यांवर तो नेहमी भेटतो.

पिसासारखी खूण मायकेल ओवेन्सच्या यंत्राची. ते १९०३ मध्ये तयार झालं आणि त्यानंतर काचधंद्याचं गणितच बदललं. ते भट्टीतली काच वर शोषून घ्यायचं आणि खाली लोंबणारी काच सुरीने कापायचं. त्या कापाचा वण बुडावर राहतो, बहुधा मधोमध नसून जरा सरकलेला, कधी तर बुडाच्या कडेवर चढलेला. हा वण दिसला की बरणी १९०३च्या आधीची असूच शकत नाही, मग अंगावर काहीही तारीख असो.

या दोन्हींऐवजी बुडाच्या मधोमध खडबडीत, तुटल्यासारखी खूण किंवा काळसर-तांबूस गंजासारखं वर्तुळ असेल, तर बरणी फार काळजीने बाजूला ठेवा. फुंकलेली बरणी धरायला बुडाला लोखंडी सळई चिकटवत, तिचा तो डाग. अशा बरण्या १८५०च्या दशकातल्या किंवा फार तर १८६०च्या सुरुवातीच्या असतात आणि सहजी मिळत नाहीत.

प्रश्न: बुडावर १३ आकडा असलेल्या बरण्या दुर्मिळ असतात का? अपशकुनी म्हणून बायका त्या फोडून टाकायच्या, असं सांगतात.

गोष्ट चांगली आहे, विक्रीला तर फारच चांगली. बुडावरचा आकडा साच्याचा असतो. एका यंत्रावर अनेक साचे लावलेले असत. बरणी सदोष निघाली तर कोणता साचा बिघडला हे कळावं, म्हणून प्रत्येकाला नंबर. तेरावा साचा बारावा आणि चौदाव्याइतक्याच बरण्या काढायचा. जास्त पैसे मोजायचे असतील तर गोष्टीचे मोजा, बरणीचे नव्हे. आणि हो, हा आकडा वर्षही नव्हे. ‘१०’ म्हणजे १९१० असा अर्थ लावून पाठवलेली तीन पत्रं याच महिन्यात आली आहेत.

प्रश्न: निळ्या रंगाच्या ‘बॉल’ बरण्यांची साल कशी ठरवायची?

बॉल बंधूंनी काचेचं काम न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला सुरू केलं. तिथे आग लागली आणि इंडियानात नैसर्गिक वायू सापडल्यामुळे ते मन्सी गावी गेले. तिथली पहिली काच १८८८ सालची. बफेलोच्या थोड्या बरण्यांवर बी, बी, जी, एम अशी आद्याक्षरं आहेत. त्या १८८०च्या दशकाच्या मध्यावरच्या आणि शोधण्यासारख्या.

वळणदार अक्षरातलं ‘बॉल’ पुढे आलं आणि ते वरचेवर बदलत गेलं. त्यातलं हमखास ओळखू येणारं एक वळण लक्षात ठेवा. दोन ‘एल’नंतर आणखी एक फेरा, जणू तिसरा ‘एल’ असावा असा. ते साधारण १९०० ते १९१० मधलं. बाकीच्या वळणांतले फरक बारीक आहेत आणि जुना साचा झिजेपर्यंत वापरात राहायचा, म्हणून एकट्या वळणावर साल सांगू नका. ‘परफेक्ट मेसन’ हे शब्द असतील तर बरणी १९१०च्या दशकापासून पुढची. १४ जुलै १९०८ ही तारीख आणि ‘आयडियल’ हे नाव तारेच्या झाकणाच्या बरणीवर भेटतं. तीही पेटंटचीच तारीख, बरणी त्यानंतरची.

निळा रंग स्वतःच एक कुंपण आहे. हा निळा १९३७च्या सुमारास बंद झाला आणि पुढच्या बरण्या बिनरंगी काचेच्या. रंगाचं श्रेय मिशिगन सरोवराकाठच्या वाळूला देतात. मिशिगन सिटीजवळची हूझियर स्लाइड नावाची वाळूची टेकडी बॉल आणि इतर काचवाल्यांनी वाघिणी भरभरून उचलली, ती १९२०च्या सुमारास भुईसपाट झाली. बरण्या मात्र त्यानंतरही पंधरा-सतरा वर्षं निळ्याच निघत राहिल्या. तेव्हा टेकडीच्या तारखेवरून बरणीची तारीख काढायचा मोह नको.

एक सावधगिरी. २०१३ मध्ये ‘परफेक्ट मेसन’ची शंभरी म्हणून याच नावाने निळ्या बरण्या पुन्हा काढल्या गेल्या. पुढच्या वर्षी हिरव्या, त्याच्या पुढच्या वर्षी जांभळ्या. त्यांचं तोंड आजच्या दोन भागांच्या झाकणाचं, काच एकसारखी स्वच्छ, बूड कोरं करकरीत. त्यांच्यावर जुन्या वर्षांचे आकडेही आहेत. बनवणाऱ्यांनी लपवाछपवी केली नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या हातातून येताना ‘शंभर वर्षांची’ हे शब्द बरणीला चिकटून येतात.

प्रश्न: जांभळट झाक असलेली बरणी घेतली. उन्हाने रंग चढतो हे खरं का? मग माझी बिनरंगी बरणीही उन्हात ठेवू का?

खरं आहे. वाळूत लोह असतं, त्याने काच हिरवट होते. ती हिरवट झाक मारायला काचेत मँगनीज घालत. कारखान्यातून बाहेर पडताना काच पांढरीशुभ्र दिसायची, पण वर्षानुवर्षं अतिनील किरण लागले की मँगनीजचा एक इलेक्ट्रॉन सुटतो, लोह तो घेतं आणि काच जांभळी होऊ लागते. मँगनीजचा हा वापर मुख्यतः १८८० ते १९२० मधला. पहिल्या महायुद्धात पुरवठा आटला, हे एक कारण नेहमी सांगतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यंत्रांना जोडलेल्या मोठ्या भट्ट्यांना सेलेनियम जास्त मानवलं. सेलेनियमची काच उन्हाने जांभळी न होता गवताच्या काडीसारखी पिवळसर होते. म्हणून नैसर्गिक फिकट जांभळी झाक हा वयाचा चांगला पुरावा आहे.

अडचण अशी, की हे काम यंत्राने काही तासांत उरकता येतं. निर्जंतुकीकरणाच्या गॅमा किरणांत ठेवलेली काच वांग्यासारखी गर्द जांभळी होऊन बाहेर येते. चुकून सेलेनियमची काच ठेवली तर ती तपकिरी, धुरकट. उन्हाचा रंग फिका असतो, जाड बुडात डोळ्यांना जाणवतो आणि पातळ अंगात जेमतेम दिसतो. दुरून बघताच ‘जांभळी’ असा शब्द तोंडात आला तर सावध व्हा. तुमची बिनरंगी बरणी जशी आहे तशीच राहू द्या. रंगवलेली काच जाणकारांच्या नजरेत उतरते, आणि ‘उन्हात मीच ठेवली होती’ हे पुढच्या गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

काच मँगनीजची आहे का, हे रंग न बदलताही कळतं. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च धरा. मँगनीजची काच मंद पिवळट-हिरवी उजळते. डोळे दिपावेत इतकी झगझगीत हिरवी दिसली तर तो युरेनियमचा संशय. टॉर्च डोळ्यांत जाऊ देऊ नका.

प्रश्न: जस्ताच्या झाकणाच्या आत पांढरी चकती आहे. ती चिनी मातीची असते का? आणि झाकणावरून बरणीचं वय सांगता येतं का?

चकती दुधी काचेची असते. बोलताना सगळे पोर्सिलेन म्हणतात, त्याला इलाज नाही. फळांचा आम्लरस जस्ताला लागला की जस्त झिजतं आणि पदार्थाला धातूची चव येते. त्यावर लुइस बॉइड याने हा काचेचा पडदा काढला. पेटंट ३० मार्च १८६९चं. चकतीवर गोल फिरलेल्या अक्षरांत त्याचं नाव बरेचदा असतं. तेव्हा चकतीचं झाकण त्या तारखेच्या आधीचं नाही.

झाकणावरून बरणीचं वय मात्र सांगू नका. एका मापाची झाकणं अदलाबदल होऊन बसत, घरोघरी बरणी फुटली की झाकण दुसरीला लागायचं. बरणी १८९०ची आणि झाकण १९३०चं, ही अगदी रोजची जोडी. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा काचेचं झाकण आणि वरून पातळ धातूची कडी अशी जोडी पुन्हा आली. तशी झाकणं दिसली म्हणून बरणी १९४०च्या दशकातली ठरत नाही.

झाकण अडकून बसलं असेल तर सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसायचा नाही, पहिला टवका तिथेच उडतो. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात बरणी उलटी धरा, फक्त झाकण बुडेल इतकी. थोडं थोडं कोमट पाणी घालत जा. जस्त तापल्यावर काचेच्या जवळपास तिप्पट फुगतं, म्हणून झाकण सैल होतं. पंधरा-वीस मिनिटांनी रबरी हातमोजा घालून फिरवा. नाही सुटलं तर कडेने गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब आणि रात्रभर थांबा. व्हिनेगरमध्ये मात्र टाकू नका. जस्त त्यात विरघळतं.

प्रश्न: तारेच्या खटक्याने काचेचं झाकण दाबणारी बरणी आहे. पुढे ‘लाइटनिंग’, खाली ‘पटनम’. कारखाना कोणता?

पटनम हे काचकारखान्याचं नाव नाही. चार्ल्स डी क्विलफेल्ट याने ५ जानेवारी १८७५ला बाटलीच्या खटक्याच्या बुचाचं पेटंट घेतलं. हेन्री पटनमने ते विकत घेऊन बरण्यांना लावलं, बरणीच्या रूपाची तारीख २५ एप्रिल १८८२. तो बरण्या वेगवेगळ्या कारखान्यांकडून करवून घ्यायचा, म्हणून बुडावर मालकाचं नाव आणि साच्याचा नंबर. झाकणावर ही तारीख असेल आणि रंग बरणीशी तंतोतंत जुळत असेल, तर जोडी मूळची समजायला हरकत नाही. रंग झाकणाच्या कडेतून आणि बरणीच्या बुडातून, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून ताडून बघा. मधासारख्या तपकिरी रंगाची लाइटनिंग जास्त शोधली जाते, निळसर सर्वत्र असते.

तार गंजलेली असली तरी मूळची असेल तर ठेवाच. चकचकीत नवी तार मानेवर दिसली की ती मागाहून घातली, एवढं धरून चाला. तार ताणून झाकण घट्ट बसतं का हे बघायला मानेवर जोर देऊ नका. तारेखालीच तडे लपलेले असतात.

प्रश्न: आटे नाहीत, तारही नाही, फक्त काठाभोवती एक खोलगट नाली आहे. झाकण कसं बसायचं?

लाखेने. नालीत पत्र्याचं झाकण ठेवून वरून वितळलेली लाख ओतत. १८५०पासून शतकाच्या अखेरपर्यंत या बरण्या चालल्या, कारण स्वस्त होत्या. नालीत जुन्या लाखेचे तांबडे किंवा काळे अंश असतील तर खरवडू नका, तो अस्सलपणाचा पुरावा आहे. नालीची आतली कड फार नाजूक असते. विकत घेण्याआधी तीच सगळ्यात नीट बघा.

प्रश्न: गर्द निळ्या, कोबाल्ट रंगाची ‘१८५८’ बरणी स्वस्तात मिळते आहे. घेऊ का?

रंग आवडला असेल तर जरूर घ्या, शोभेची म्हणून. जुनी म्हणून नको. त्या रंगातल्या अस्सल ‘१८५८’ बरण्या अतिदुर्मिळ आहेत आणि बाजारात फिरणाऱ्या जवळपास सगळ्या अलीकडच्या. नकली माल तीन ठिकाणी पकडता येतो. पहिलं, काठ. या अक्षरांची बरणी आणि काठ गुळगुळीत असेल तर ती यंत्रावरची, मग तो रंग त्या काळाशी जुळवून दाखवा. काठ घासलेला असला तरी तो रुंद, ओबडधोबड, मुद्दाम खरडल्यासारखा असतो. दुसरं, अक्षरं. जुन्या साच्यात ती हाताने कोरत. त्यामुळे कुठे ‘एन’ उलटा पडतो, कुठे शब्द जरा खाली घसरतो, पण कडा धारदार असतात. मूळ बरणीवरून ओतीव साचा केला की अक्षरं साबणाने बनवल्यासारखी मऊ, गोलसर होतात.

तिसरं आणि सगळ्यात खात्रीचं, बूड. शंभर वर्षं फळीवर पुढे-मागे सरकलेल्या बरणीच्या बुडाची टेकणारी कड भिंगातून पाहा. सगळ्या दिशांनी गेलेले, एकावर एक चढलेले बारीक ओरखडे दिसतील, तेही फक्त टेकणाऱ्या भागावर. सँडपेपरने केलेली झीज एकाच दिशेने, एकसारखी, आणि न टेकणाऱ्या खळग्यातही उतरलेली असते. दहापट दाखवणारं भिंग आणि एक टॉर्च एवढंच सामान लागतं.

बुडबुडे आणि काचेवरच्या लाटा मात्र पुरावा म्हणून धरू नका. त्या नव्या बरणीत मुद्दाम पाडता येतात.

प्रश्न: बरणीत पांढरा धूसर थर आहे. कशाने जाईल?

आधी थर कोणता ते ठरवा. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून थरावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खालची जागा स्वच्छ झाली तर तो पाण्याचा क्षार. अख्खी बरणी पातळ व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून मऊ ब्रशने काढा. पाणी खोलीच्या तापमानाचंच, गार बरणीत गरम पाणी ओतलं की बूड गोल कापल्यासारखं सुटून येतं.

काहीच फरक पडला नाही तर ती काचच आजारी आहे. ओलाव्याने पृष्ठभागातले क्षार निघून जाऊन काच खरवडली गेली आहे. हा थर ओला केला की गायब होतो आणि वाळला की परत येतो. काही विक्रेते याचाच फायदा घेऊन आतून पातळ तेलाचा हात फिरवतात. बोट आत घालून पाहा, बुळबुळीत लागलं तर कारण विचारा. आजारी काच तांब्याच्या तारेचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून बरणी दिवसचे दिवस नळकांड्यात फिरवत पॉलिश करतात. थर जातो, पण हात चुकला तर अक्षरांच्या कडाही जातात. साध्या बरणीला हा खटाटोप परवडत नाही, दुर्मिळ बरणी नवख्याकडे देऊ नये. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकूच नका. ते काच खातं आणि त्वचेतून हाडापर्यंत पोचतं.

प्रश्न: ॲटलास, कर, किल्नर, वेक यांच्याबद्दल थोडक्यात सांगा.

हेझल-ॲटलास ही कंपनी १९०२ मध्ये एकत्रीकरणातून झाली. बुडावर मोठा ‘एच’ आणि त्याच्या खाली लहान ‘ए’ ही खूण साधारण १९२३पासूनची. ‘स्ट्राँग शोल्डर’ हे शब्द उगाच नाहीत, खांद्यावर दाबून बसणाऱ्या झाकणामुळे तिथेच काच फुटायची, म्हणून खांदा जाड केला. कर कंपनी १९०३ची, ऑरेगनमधल्या पोर्टलंडची. चकती आणि कडी असं दोन भागांचं झाकण तिने १९१५ मध्ये आणलं, आजचं झाकण तेच. किल्नर इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे. मूळ कंपनी १९३७ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसऱ्यांनी घेतलं, म्हणून नावावरून साल ठरत नाही. जर्मनीतली वेक कंपनी १९००ची, तिची खूण स्ट्रॉबेरी.

प्रश्न: या बरण्या आजही अन्न टिकवायला वापरता येतील का?

उकळून हवाबंद करायला नाही. काच थकलेली असते, घासलेल्या काठावर आजची चकती नीट बसत नाही आणि जस्ताच्या किंवा तारेच्या झाकणात हवा बंद झाली की नाही हे कळायला मार्ग नाही. कोरडी डाळ, बटणं, गोट्या खुशाल भरा.

प्रश्न: संग्रहाच्या वहीत प्रत्येक बरणीची नोंद कशी करावी?

पुढची, मागची आणि बुडाची अक्षरं ओळीनुसार, चुकीसकट जशीच्या तशी उतरवा. उलटा ‘एन’ उलटाच काढा. अक्षरं दिसत नसतील तर वरून पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घासा, किंवा अंधारात टॉर्च बाजूने मारा. काठ घासलेला की गुळगुळीत, बुडाची खूण, रंग, झाकण मूळचं की जोडलेलं, टवके घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कुठे, हेही लिहा. माप नावावरून लिहू नका, मोजा. बरणी रिकामी वजन करा, काठापर्यंत पाणी भरून पुन्हा करा. फरक जितके ग्रॅम तितके मिलीलिटर. पाइंट ४७३, क्वार्ट ९४६, अर्धा गॅलन सुमारे १,८९३. काठापर्यंत भरल्यावर थोडं जास्तच भरतं. वर्षाच्या जागी एक आकडा न लिहिता दोन लिहा, ‘याच्या आधीची नाही’ आणि ‘याच्या नंतरची नाही’, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या खुणेवरून काढला तेही.